मेंदूच्या लहरींचा शोधक

आपण हात पुढे करून पाण्याचा पेला उचलतो, तेव्हा हे काम हाताने केले असे आपणांस वाटते. वस्तुतः हाताने केवळ आज्ञा पाळलेली असते. आज्ञा देणारा मेंदू कवटीच्या भक्कम पेटीत बसलेला असतो. हात हलण्याच्या निमिषमात्र आधी त्या पेटीत विजेची सूक्ष्म खळबळ उडते. ती मज्जारज्जूतून खाली उतरते, आणि मग बोटे पेल्याभोवती मिटतात. एखादा मनुष्य झाडावरून पडला आणि त्याच्या मज्जारज्जूला जबर इजा झाली, तर ही वाटच बंद होते. मेंदू आज्ञा देतच राहतो. हात मात्र निश्चल पडून राहतो. अशा माणसाची आज्ञा मेंदूतच टिपून घेता आली, तर ती दुसऱ्या वाटेने पोहोचविता येणार नाही काय? आज जगातील शास्त्रज्ञ या कार्याला लागले आहेत, आणि त्यांना काही यशही आले आहे. या विद्येचा पाया ज्यांनी घातला, त्यांचे नाव हान्स बर्गर.

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीतील कोबुर्ग शहराजवळच्या नॉयसेस या खेड्यात झाला. त्यांचे वडील वैद्य असून मनोरुग्णांच्या रुग्णालयाचे प्रमुख होते. आईचे वडील फ्रीडरिश रूकर्ट हे जर्मनीचे नामांकित कवी आणि पौर्वात्य भाषांचे गाढे पंडित होते. आपल्या महाभारतातील नलदमयंतीची कथा त्यांनी १८२८ साली जर्मन पद्यात आणली होती. हान्सच्या जन्मापूर्वीच, १८६६ साली, ते निवर्तले. परंतु विद्येचा वारसा घरात राहिला. एका बाजूला वैद्यक आणि दुसऱ्या बाजूला काव्य, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. स्वभावाने तो लाजाळू आणि अबोल होता.

तरुणपणी हान्सला वैद्य व्हावयाचे नव्हते. ताऱ्यांचे त्याला वेड होते. खगोलशास्त्रज्ञ व्हावे या इच्छेने १८९२ साली तो येना येथील विश्वविद्यालयात गणित शिकण्यासाठी गेला. तेथे त्याचे मन रमेना. थोड्याच महिन्यांत अभ्यास सोडून तो एक वर्षासाठी लष्करात दाखल झाला.

तेथे त्याच्या आयुष्याला कलाटणी देणारी घटना घडली. एके दिवशी कवायत चालू असता त्याचा घोडा एकाएकी मागच्या पायांवर उभा राहिला आणि हान्स खाली कोसळला. मागून घोड्यांनी ओढलेली तोफ येत होती. तिच्या चाकांखाली तो चिरडणार, तोच तोफगाडा अगदी जवळ येऊन थांबला. जीव वाचला, पण मृत्यू डोळ्यांसमोर दिसला होता. त्याच दिवशी संध्याकाळी वडिलांची तार आली. हान्सची प्रकृती कशी आहे, अशी त्यांनी चौकशी केली होती. घरी बहिणीच्या मनाला एकाएकी अशी धास्ती वाटली होती की, भावावर काही संकट आले आहे. आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी ती तार केली होती.

हान्सच्या मनाला या प्रसंगाने पछाडले. आपल्या मनातील भीती कोठल्या तरी शक्तीच्या रूपाने बहिणीच्या मनापर्यंत गेली असली पाहिजे, असे त्याला वाटू लागले. आपण आज शांतपणे विचार केला तर हा योगायोग मानणेच योग्य ठरेल. घरापासून दूर असलेल्या माणसाची काळजी आपणां सर्वांनाच अधूनमधून वाटते. ती खोटी ठरली की आपण विसरून जातो; एखादे वेळी खरी ठरली की जन्मभर लक्षात ठेवतो. परंतु हान्सने केवळ आश्चर्य करीत बसण्यापेक्षा वेगळा मार्ग धरला. मनाची शक्ती जर खरोखर असेल, तर ती मोजता आली पाहिजे, असा त्याने निश्चय केला. लष्करातून परत येताच ताऱ्यांचा अभ्यास सोडून त्याने वैद्यकाचा अभ्यास हाती घेतला.

१८९७ साली बर्गर येना येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथील प्रमुख ओटो बिन्सवांगर हे त्या काळचे प्रसिद्ध वैद्य होते. दिवसभर रुग्णांची सेवा करावी आणि उरलेल्या वेळात आपले प्रयोग करावेत, असा बर्गर यांचा क्रम सुरू झाला. ज्यांच्या कवटीला शस्त्रक्रियेमुळे भोक राहिले होते, अशा रुग्णांच्या मेंदूतील रक्ताची ये-जा त्यांनी प्रथम मोजली. मग मेंदूची उष्णता मोजली. विचार करताना मेंदू किती तापतो, हे पाहावे असा त्यांचा हेतू होता. कित्येक वर्षे खर्ची पडली. हाती फारसे काही लागले नाही.

आता विजेचा मार्ग उरला. इंग्लंडमधील रिचर्ड केटन या वैद्याने १८७५ साली ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर विजेचे क्षीण प्रवाह असल्याचे दाखविले होते. माणसाच्या मेंदूतही ते असतील, पण कवटीच्या बाहेरून ते टिपावयाचे कसे? ते प्रवाह किती क्षीण असतात याची कल्पना करावयाची, तर आपल्या हातबॅटरीतील साधा घट घ्या. त्याचा दाब दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा मेंदूचा दाब त्याच्या सुमारे तीस हजाराव्या भागाइतका असतो. त्या वेळची यंत्रे इतक्या सूक्ष्म मोजमापासाठी अपुरी होती. १९०२ सालापासून बर्गर यांनी कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले. ते पुन्हा पुन्हा फसले. मध्यंतरी पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना सैन्यात वैद्य म्हणून जावे लागले. युद्ध संपल्यावर, १९१९ साली, ते येनाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांचा दिवस घड्याळाच्या काट्याबरहुकूम चाले. संध्याकाळी ते आपल्या छोट्या प्रयोगशाळेत जात. तेथे काय चालले आहे, याची त्यांच्या हाताखालच्या लोकांनाही फारशी कल्पना नव्हती.

६ जुलै १९२४ हा दिवस उजाडला. निकोलाय गुलेके या शस्त्रवैद्यांकडे एका सतरा वर्षांच्या मुलावर मेंदूची शस्त्रक्रिया चालू होती. तेथे बर्गर यांनी आपले यंत्र जोडले आणि यंत्राची नाजूक तार किंचित थरथरताना त्यांना दिसली. ज्या क्षणाची त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली होती, तो क्षण आला होता.

दुसऱ्या कोणी हा शोध दुसऱ्याच दिवशी जाहीर केला असता. बर्गर यांनी पाच वर्षे तोंडातून शब्द काढला नाही. त्यांना स्वतःचीच शंका येत होती. ही थरथर हृदयाच्या ठोक्यांची तर नसेल? कपाळाच्या स्नायूंची? रक्तवाहिन्यांच्या स्पंदनाची? की यंत्राचाच हा दोष? एकेक शंका घेऊन त्यांनी तिची कसून परीक्षा केली. मेंदूच्या आलेखाबरोबर ते हृदयाचाही आलेख काढीत आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासून पाहत. स्वतःच्या डोक्यावर त्यांनी अनेक प्रयोग केले; आपला मुलगा क्लाउस यालाही ते प्रयोगशाळेत बसवीत. सर्व शंकांचे निरसन झाल्यावरच, १९२९ साली, त्यांनी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. मेंदूच्या या आलेखाला त्यांनी जे नाव दिले, त्याचेच संक्षिप्त रूप म्हणजे आज सर्व वैद्य वापरतात तो ‘ईईजी’ हा शब्द होय.

या आलेखात त्यांना काय दिसले? मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला असता सेकंदाला सुमारे दहा या गतीने लहरी उमटत. त्याने डोळे उघडले की त्या मावळत. त्याला मनातल्या मनात हिशेब करावयास सांगितला, तरीही त्या मंद होत आणि त्यांच्या जागी अधिक जलद, पण लहान लहरी दिसत. पहिल्या लहरींना त्यांनी ‘अल्फा’ आणि दुसऱ्या लहरींना ‘बीटा’ असे म्हटले. ही ग्रीक वर्णमालेतील पहिली दोन अक्षरे होत. याहून जलद लहरींना पुढे १९३८ साली अमेरिकेतील संशोधकांनी तिसऱ्या अक्षरावरून ‘गॅमा’ हे नाव दिले.

जळगाव-धुळ्याकडील मुलांना कापसाचे जिन ठाऊक असते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या त्या कारखान्याच्या भिंतीबाहेर आपण उभे राहिलो, तर आतले एकही यंत्र दिसत नाही; केवळ घरघर ऐकू येते. पण यंत्रे रिकामी फिरत आहेत की त्यांत कापूस पडला आहे, हे त्या घरघरीच्या बदलावरून सरावलेला कान ओळखतो. बर्गर यांनी हेच केले. मेंदूच्या कारखान्यात त्यांना शिरता आले नाही. त्यांनी भिंतीला कान लावला.

जगाने मात्र या शोधाकडे प्रथम दुर्लक्ष केले. एका मनोरुग्णालयाच्या वैद्याने असा शोध लावला, यावर विद्वानांचा विश्वास बसेना. कोट्यवधी पेशी एकाच ठेक्यात कशा चालतील, अशी त्यांची शंका होती. अखेर इंग्लंडमधील केंब्रिज येथे एडगर एड्रियन यांनी हा प्रयोग करून पाहिला. एड्रियन हे नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ होते. मॅथ्यूज या सहकाऱ्यासह त्यांनी स्वतःच्याच डोक्याच्या लहरी टिपल्या. डोळे उघडताच त्या मावळल्या. १९३४ साली त्यांनी बर्गर यांचे म्हणणे खरे असल्याचे जाहीर केले आणि त्या लहरींना बर्गर यांचेच नाव द्यावे असे सुचविले. त्यानंतर देशोदेशी हे यंत्र वापरात आले.

त्याचा मोठा लाभ अपस्माराच्या रुग्णांना झाला. अपस्मार म्हणजे ज्याला आपण फेफरे किंवा मिरगी म्हणतो तो आजार. कोणी त्याला भूतबाधा म्हणे, कोणी रुग्णाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरी. झटक्याच्या वेळी मेंदूतील वीज बेताल होते, हे आलेखाने डोळ्यांना दाखविले. हा आजार अंगात आलेल्या भुताचा खेळ नसून तो मेंदूचा आजार आहे आणि त्यावर औषध घ्यावयाचे असते, हे पटवून देणारा पुरावा वैद्यांच्या हाती आला.

बर्गर यांच्या चरित्रातील एक काळी बाजू येथे सांगितली पाहिजे. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. त्याच वर्षी तेथे एक क्रूर कायदा झाला. मनाचे आजार, अपस्मार, जन्मजात अंधत्व असे आजार पिढीजात असल्याचे ठरवून, अशा माणसांना पुढे मुले होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर बळजबरीने शस्त्रक्रिया करण्याचा तो कायदा होता. याविरुद्ध दाद मागणाऱ्यांचे निवाडे करण्यासाठी जी न्यायालये नेमली, त्यांपैकी येना येथील न्यायालयावर बर्गर यांनी सदस्य म्हणून काम केले. त्यांचे आलेख अपस्माराच्या रुग्णांना आधार देणारे ठरले. आणि तेच बर्गर अशा रुग्णांवर अन्याय करणाऱ्या व्यवस्थेत सामील झाले. पुष्कळ वर्षे त्यांच्या चरित्रांत हा भाग येत नसे. संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा तो उजेडात आला. बुद्धी तीक्ष्ण असली म्हणून विवेक जागा असतोच असे नाही, हे यावरून दिसून येते. शोधाबद्दल शोधकाचा गौरव करावा. त्याच्या दोषावर मात्र पांघरूण घालू नये.

१९३८ साली बर्गर निवृत्त झाले. शेवटच्या काळात प्रकृती ढासळली आणि मनाला खोल विषण्णतेने ग्रासले. त्याच अवस्थेत १ जून १९४१ रोजी येना येथे त्यांच्या जीवनाचा अंत झाला.

त्यांच्या लहरींचा अभ्यास पुढे चालूच राहिला. १९४९ साली कॅनडातील हर्बर्ट जॅस्पर आणि वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी उघड्या मेंदूवर पाहिले की, हाताची हालचाल करविणाऱ्या भागात एरव्ही बीटा लहरींचा ठेका चालू असतो. रुग्ण मूठ आवळू लागला की तो मोडतो. १९६५ साली जर्मनीतील कोर्नह्यूबर आणि डीके यांनी दाखविले की, मनुष्य आपण होऊन बोट हलवितो, त्याच्या सुमारे एक सेकंद आधीपासूनच मेंदूतील विजेचा दाब हळूहळू बदलू लागतो. म्हणजे हालचालीची चाहूल हालचालीच्या आधी मिळू शकते.

पण कोणती हालचाल होणार, हात हलणार की जीभ, हे कसे ओळखावे? येथे जलद लहरी उपयोगी पडल्या. संथ लहरी मेंदूच्या विस्तीर्ण भागावर पसरलेल्या असतात. सेकंदाला सत्तरहून अधिक वेळा उमटणाऱ्या जलद गॅमा लहरी मात्र चिमुकल्या असतात आणि नेमक्या काम करणाऱ्या जागीच उठतात. १९९८ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे नेथन क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, हात हलविताना त्या हाताच्या जागी उठतात आणि जीभ हलविताना जिभेच्या जागी. त्यांची जागा समजली की हेतू समजण्याची वाट मोकळी होते.

अडचण एवढीच की, या लहरी कवटीबाहेर पोहोचेपर्यंत फारच क्षीण होतात. जाड मातीच्या भिंतींच्या धाब्याच्या घरात भजन चालू असले, तर बाहेर पखवाजाची थाप येते, टाळांची बारीक किणकिण येत नाही. तशातलाच हा प्रकार. म्हणून कवटीखाली, मेंदूच्या पृष्ठभागावर, धातूच्या बारीक चकत्या ठेवाव्या लागतात. अपस्माराच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी अशा चकत्या बसवाव्याच लागतात. अशा चार रुग्णांच्या संमतीने अमेरिकेतील एरिक ल्यूथार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला आणि तो २००४ साली प्रसिद्ध केला. रुग्णांनी हात हलविण्याची किंवा बोलण्याची केवळ कल्पना करावयाची, आणि त्यांच्या लहरींवरून संगणकाने पडद्यावरील खूण सरकवावयाची, असा तो प्रयोग होता. तीन ते चोवीस मिनिटांच्या सरावाने त्यांना ते साधले. शंभरांतून चौऱ्याहत्तर ते शंभर वेळा खूण इच्छित जागी गेली.

यावरून यंत्राला माणसाच्या मनातील गुपिते वाचता येतात, असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक माणसाच्या लहरींचा सराव यंत्राला स्वतंत्रपणे करवावा लागतो, आणि त्या माणसाचे सहकार्य असावे लागते. हे काम अजून प्रयोगाच्या अवस्थेत आहे. तरीही ज्याच्या हातापायांतील शक्ती गेली आहे, त्याला स्वतःच्या इच्छेने एक अक्षर लिहिता आले किंवा यंत्राच्या हाताने पाण्याचा पेला ओठांशी नेता आला, तरी त्याचे मोल केवढे असेल!

बर्गर यांना जे शोधावयाचे होते, ते त्यांना सापडले नाही. एका मनातून दुसऱ्या मनाकडे दूरवर निरोप नेणारी शक्ती त्यांच्या आलेखात कोठेच दिसली नाही. मेंदूतील वीज इतकी क्षीण असते की ती गावोगाव जाऊ शकणार नाही, हे त्यांच्याच मोजमापाने सिद्ध झाले. पण ते मोजमाप त्यांनी प्रामाणिकपणे केले. यंत्राने जे दाखविले तेच लिहिले. आपल्या आवडत्या कल्पनेसाठी आलेखाची एक रेघही वाकविली नाही. म्हणूनच त्यांची कल्पना मागे पडली, तरी त्यांचे आलेख टिकले. आज आपल्याकडेही वैद्य रुग्णाच्या डोक्याला तारा जोडतात आणि पडद्यावर नागमोडी रेघा धावू लागतात. त्या रेघांत पहिल्याने येनाच्या त्या अबोल वैद्याची चिकाटी उमटली होती.